ठाण्यातली चौथी वही

बाबांची ठासणीची बंदूक जुन्या चादरीत गुंडाळून
मी रिक्षात आडवी मांडीवर घेतली,
उभी धरली तर टपाला लागत होती.
"घाडींची काय?" रिक्षावाल्याने आरशातून विचारलं.
हो म्हटलं.
मग बंदरापर्यंत तो बोलला नाही,
उतरल्यावर पैसेही घेतले नाहीत.

"बस गो बाय, सायब जेवक गेलेत."
वराडकरबाईंनी खुर्चीवरच्या फायली उचलून
जमिनीवर ठेवल्या.
बंदूक कोपऱ्यात टेकली,
जप्त केलेल्या जाळ्यांच्या ढिगाशेजारी.
जाळ्यांना अजून वास होता.

माझ्याआधी एक मुलगा, जहाजावर निघालेला,
चारित्र्याचा दाखला मागत होता.
"तुझा चारित्र्य माका ठावक आसा," बाई म्हणाल्या,
"पण शिक्को सायबांच्या कपाटात."
त्याच्या मागे गंगाराम कुबल. फोन हरवला.
"खंय हरवलो?"
"बारा वाव पाण्यात."
स्थळाच्या रकान्यात त्यांनी तसंच लिहिलं.
वेळ: जाळं ओढताना.
संशयित: कोणी नाही.
कुबल सही करताना हसले,
समुद्रावर आपला संशय नाही म्हणाले.

जत्रेच्या नाटकाला रात्री बारानंतर कर्णा हवा म्हणून
दोन मानकरी आले होते, दोघेही स्वतःला अध्यक्ष म्हणवणारे.
त्यांचं मी ऐकलं नाही.
मी भिंतीवरचं भरती-ओहोटीचं कोष्टक वाचत होते,
मागच्या वर्षीचं.

मग माझा नंबर.
परवाना, मृत्यूचा दाखला, वारसाचा अर्ज.
नळी एक. दस्ता एक, त्यावर कोयत्याची जुनी खूण.
"दारू?"
"नाही. संपली होती."
"वानर मारलेले किती?"
"एकही नाही. नुसता आवाज काढायचे."
"तां ठावक आसा," बाई म्हणाल्या आणि पावती फाडली.

मला वाटलं झालं.
"थांब. एक सही रवली."
टेबलाखालून त्यांनी चौथी वही काढली,
कॅलेंडरच्या पानाचं कव्हर घातलेली:
एकट्याने राहणारे वयस्कर.
पान सत्तावीस. भिकाजी रामचंद्र घाडी. दर गुरुवारी.

हाक मारली. ओ दिली. चहा घेतला.
हाक मारली. ओ दिली. रेडिओचे सेल आणून दिले.
हाक मारली. ओ दिली. फणस देत होते, ड्युटीवर म्हणून नाही घेतला.
हाक मारली. ओ दिली. गुडघा सुजलाय.
मुलीला कळवू नका म्हणाले.
हाक मारली. ओ दिली, उशिरा.
हाक मारली.

त्यापुढे रेघ नाही, शेरा नाही.
खालच्या ओळीत दुसऱ्या शाईने:
मागील दाराने आत गेले.

मी दर रविवारी पुण्याहून फोन करायचे.
"बरा आसंय," म्हणायचे ते, आणि पावसाचं विचारायचे,
माझ्याकडच्या.
गुडघ्याचं मला
पोलिसांच्या वहीत कळलं.

नाव कमी केल्याची सही मी केली.
बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही,
पाण्याची बाटली मात्र सरकवली.
"घर आता बंद ऱ्हवतला मां? मगे ह्यो अर्ज भर.
आमची गस्त थयसूनच जाता."

बंद घराचा अर्ज एकपानी आहे.
कुलपे किती. दोन.
किल्ली कोणाकडे.
कुत्रा आहे काय. होता.
घरात राहणाऱ्यांची संख्या.
तिथे पेन थोडा वेळ थांबलं,
मग शून्य काढलं, जरा मोठंच झालं.

शेवटी विशेष सूचना, दोन ओळी मोकळ्या.
मी लिहिलं:
परसातले फणस पिकले की उतरवून न्यावेत.
नाही म्हणू नये.

साहेब हात पुसत आत आले.
"बंदूक कोणाची?"
"जमा झाली," वराडकरबाई म्हणाल्या
आणि अर्ज वाचून
शिक्का मागितला.